रक्ताचे देणे



आज ज्या विषयावर मी बोलणार आहे, तो माझ्या नोकरीचा विषय नव्हे आणि माझ्या शिक्षणाचाही नव्हे. मी सरकारी कचेरीत फायली पाहणारा मनुष्य. इतिहास हा विषय घेऊन एम. ए. झालो, एवढीच काय ती माझी विद्या. वैद्यकाशी माझा संबंध औषधाच्या दुकानापलीकडे कधी गेला नव्हता. परंतु तीन वर्षांपूर्वी दिल्लीतील आमच्या घरी मोत्या नावाचा कुत्रा आजारी पडला, आणि त्याच्या दुखण्याची चौकशी करता करता मी एका अशा इतिहासापाशी येऊन पोहोचलो, की जो आपल्यापैकी प्रत्येकाला थोडा तरी ठाऊक असावा असे मला तेव्हापासून वाटत आले आहे.

मोत्या तेव्हा आठ वर्षांचा होता. एके दिवशी सायंकाळी कचेरीतून परतल्यावर नेहमीप्रमाणे त्याच्या गळ्याखालून हात फिरवीत असता जबड्याच्या दोन्ही बाजूंस सुपारीएवढ्या गाठी बोटांना लागल्या. जांघेतही तशाच गाठी होत्या. आपल्याकडे माणसाच्या जांघेत गाठ आली म्हणजे ‘अवधाण आले’ असे म्हणतात आणि पायाला कोठे जखम झाली आहे का, ते पाहतात. आम्हीही पाहिले, जखम नव्हती. प्रथम ज्या पशुवैद्यांकडे गेलो त्यांनी गोचीडतापाचे औषध दिले. त्यात तीन आठवडे गेले. गाठी सुपारीच्या होत्या त्या लिंबाएवढ्या झाल्या. मग दुसऱ्या डॉक्टरांनी गाठीत बारीक सुई घालून आतला अंश काचेवर घेतला, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि सांगितले, “हा लिम्फोमा आहे. रक्ताच्या कर्करोगाचाच एक प्रकार.” माझ्या धाकट्या मुलीने तेथल्या तेथे विचारले, “कुत्र्यांनासुद्धा होतो?” डॉक्टर म्हणाले, “होतो तर. आणि माणसांना या रोगावर जे उपचार मिळतात, त्यांतले काही आधी कुत्र्यांवरच झालेले आहेत.”

हे दुसरे वाक्य माझ्या मनात रुतून बसले. आजचे माझे भाषण हे त्या वाक्याचेच स्पष्टीकरण आहे असे समजावे.

प्रथम रोगाच्या नावाविषयी थोडे सांगतो. १८३२ साली लंडन येथे टॉमस हॉजकिन या वैद्याने ग्रंथी आणि प्लीहा, जिला आपण पाणथरी म्हणतो, यांच्या एका विलक्षण वाढीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १८४५ साली एडिंबरोचे जॉन ह्यूज बेनेट आणि बर्लिनचे रूडॉल्फ फिरखो या दोघांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एका अजब रक्ताची हकीकत लिहिली. मृत रुग्णाच्या रक्तात पांढऱ्या पेशींची इतकी गर्दी झाली होती की बेनेट यांना ते रक्त पुवाने भरल्यासारखे वाटले. फिरखो यांनी त्याला साधेपणाने ‘पांढरे रक्त’ म्हटले आणि १८४७ साली त्याच अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून ‘ल्युकेमिया’ हे नाव दिले. मज्जेत, म्हणजे हाडांच्या पोकळीतील मगजात, बिघाड सुरू होऊन रोगट पेशी रक्तात उतरल्या म्हणजे तो ल्युकेमिया. आणि बिघाडाचा आरंभ लसिकाग्रंथींत झाला म्हणजे तो लिम्फोमा. दोन्ही एकाच कुळातील रोग होत. कुत्र्यांमध्ये लिम्फोमा अधिक आढळतो, खरा ल्युकेमिया त्या मानाने क्वचित. बॉक्सर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत लिम्फोमाचे प्रमाण अधिक आहे.

या रोगात कुत्रा गाठींमुळे सहसा मरत नाही. तो मरतो उपद्रवांमुळे. मज्जेची जागा रोगट पेशींनी व्यापली की तांबड्या पेशी कमी पडतात, हिरड्या पांढऱ्याफटक होतात, चार पायऱ्या चढून त्याला धाप लागते. रक्त गोठविणाऱ्या बिंबिका घटल्या की नाकातून रक्त येते, पोटाच्या कातडीवर तांबडे ठिपके उमटतात. निरोगी पांढऱ्या पेशी उरल्या नाहीत की एरवी निरुपद्रवी असलेला जंतूही प्राणघातक होतो. काही प्रकारांत रक्तातील कॅल्शियम वाढते. कुत्रा सारखा पाणी पितो, सारखी लघवी करतो आणि अखेर मूत्रपिंडे जायबंदी होतात. औषधाने रोगट पेशी एकदम मेल्या तर त्यांच्यातील द्रव्यांचा भार मूत्रपिंडांवर पडून उपचारच अपाय करतो, असेही घडते.

यांतील पुष्कळशी लक्षणे गोचीडतापातही दिसतात. १९३५ साली अल्जीरियात दोनाशियें आणि लेस्तोकार या फ्रेंच संशोधकांनी गोचिडीतून कुत्र्यांच्या रक्तात शिरणाऱ्या या सूक्ष्मजंतूचे वर्णन केले. व्हिएतनामच्या युद्धात, १९६० नंतरच्या दशकात, अमेरिकन सैन्याचे शेकडो कुत्रे नाकातून रक्त वाहून मेले, तेव्हा त्या रोगाची भयानकता जगाला कळली. आपल्या देशात गोचीड घरोघरी आहे. तेव्हा आमच्या पहिल्या पशुवैद्यांनी आधी गोचीडतापाचा संशय घेतला यात त्यांचा मोठा अपराध झाला असे मी आज म्हणणार नाही. मात्र तीन आठवड्यांचा हिशेब माझ्या मनातून अजून पुसला गेलेला नाही.

हा रोग संसर्गजन्य आहे काय? शेजाऱ्यांनी आम्हांला हा प्रश्न पुष्कळदा विचारला. त्याचेही उत्तर इतिहासात आहे. १९०८ साली कोपनहेगनमध्ये एलरमान आणि बांग यांनी कोंबड्यांचा ल्युकेमिया एका कोंबडीतून दुसरीत नेऊन दाखविला. १९६४ साली ग्लासगोच्या विल्यम जॅरेट यांनी मांजरांच्या ल्युकेमियाचा विषाणू शोधला. कुत्र्यांच्या रक्तकर्करोगास कारणीभूत होणारा असा विषाणू मात्र सिद्ध झालेला नाही. मोत्याला हात लावल्याने माणसाला किंवा दुसऱ्या कुत्र्याला काही होणार नव्हते. परंतु कुत्र्यांचा एक निराळा अर्बुदरोग खरोखरच संसर्गाने पसरतो. रशियातील पशुवैद्य नोविन्स्की यांनी १८७६ साली तो एका कुत्र्यातून दुसऱ्यात रुजवून दाखविला, आणि कर्करोग प्रयोगाने एका शरीरातून दुसऱ्यात नेता येतो हे प्रथमच सिद्ध झाले. हजारो वर्षांपूर्वी एका कुत्र्याच्या शरीरात जन्मलेली ती पेशी आजही जगभरातील भटक्या कुत्र्यांत समागमातून वाढत आहे. आपल्या रस्त्यांवरही ती आहे.

आता उपचारांच्या इतिहासाकडे वळू. त्याचा एक धागा आपल्या मुंबईत, परळमध्ये सापडतो हे वाचून मला नवल वाटले. १९२८ साली लूसी विल्स नावाच्या इंग्रज वैद्य विदुषी मुंबईला आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या गरीब गरोदर बायकांना एक प्रकारचा जीवघेणा पांडुरोग होत असे. परळच्या हाफकिन संस्थेत बसून त्यांनी त्याचे कारण शोधले. आणि यीस्टचा स्वस्तातला अर्क दिल्याने हा पांडुरोग बरा होतो, हे १९३१ साली त्यांनी जाहीर केले. त्या अर्कातील अज्ञात द्रव्य पुढे ‘फॉलिक आम्ल’ म्हणून ओळखले गेले. रक्तपेशी तयार व्हावयास ते हवे असते. अमेरिकेतील लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत ते कृत्रिम रीतीने तयार करणाऱ्या मंडळींचे प्रमुख होते भीमवरमचे येल्लाप्रगडा सुब्बाराव. मग बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी तर्क केला की, जे द्रव्य रक्तपेशी वाढविते त्याचीच नक्कल करून शरीराला फसविले तर रोगट पेशींची वाढ खुंटेल. सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने तशी नकली द्रव्ये पुरविली. १९४८ साली फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या १६ मुलांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी १० मुलांना, थोड्या काळापुरता का होईना, उतार पडला होता. त्याच वर्षी सुब्बाराव वारले. त्यांच्याकडील अशाच एका द्रव्याचे नाव मेथोट्रेक्सेट. हे नाव कृपा करून ध्यानात ठेवावे. ते पुन्हा येणार आहे.

दुसरे औषध आपल्या अंगणातील आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. पण आपल्याकडे तुळशीवृंदावनाशेजारी ती इतकी रुळली आहे की परकी वाटत नाही. कॅनडातील नोबल आणि बीअर हे संशोधक तिच्या पानांत मधुमेहावरचे औषध शोधीत होते. ते मिळाले नाही. परंतु अर्क टोचलेल्या उंदरांच्या पांढऱ्या पेशी घटलेल्या त्यांना दिसल्या. त्यातून १९५८ साली एक औषध पुढे आले आणि त्याच वनस्पतीतून निघालेले व्हिन्क्रिस्टीन १९६३ साली अमेरिकेत मान्य झाले. मुलांच्या ल्युकेमियात ते आजही देतात. कुत्र्यांच्या लिम्फोमात देतात. आणि भटक्या कुत्र्यांच्या ज्या संसर्गजन्य अर्बुदाचा मी उल्लेख केला, ते तर बहुधा या एकाच औषधाच्या काही मात्रांनी नाहीसे होते.

पण औषधांनी उतार पडे आणि रोग परत येई. मज्जाच नासली असेल तर ती समूळ जाळून टाकावी आणि दुसऱ्याची निरोगी मज्जा शिरेतून द्यावी, ही कल्पना ज्यांनी तडीस नेली ते डॉनल टॉमस. न्यूयॉर्क राज्यातील कूपर्सटाउन या लहानशा गावच्या रुग्णालयात ते काम करीत. १९५७ साली त्यांनी सहा रुग्णांना अशी मज्जा दिल्याचे वृत्त प्रसिद्ध केले. त्या सहांपैकी एकही शंभर दिवसांच्या पुढे जगला नाही. पुढील काही वर्षांत इतरत्रही पुष्कळ प्रयत्न झाले आणि जवळजवळ सर्व फसले. शहाण्यासुरत्या वैद्यांनी ही वाट सोडून दिली. टॉमस यांनी सोडली नाही. मात्र ते माणसांपासून कुत्र्यांकडे वळले.

कुत्र्यांकडेच का? प्रयोगशाळेतील उंदीर एकाच साच्याचे असतात. एकाची मज्जा दुसऱ्याला सहज मानवते. माणसे तशी नसतात, आणि कुत्रेही तसे नसतात. शिवाय कुत्रीला एका वेळी अनेक पिले होतात, त्यामुळे सख्ख्या भावंडांची परस्परांशी तुलना करता येते. आणि लिम्फोमा कुत्र्यांना आपोआप होतो, तो मुद्दाम रुजवावा लागत नाही.

किरणांची प्राणघातक मात्रा देऊन कुत्र्याची मज्जा नष्ट करावयाची आणि मग नवी द्यावयाची, असे ते प्रयोग होते. त्याची स्वतःची आधी काढून ठेवलेली मज्जा परत दिली तर तो जगे. दुसऱ्याची दिली तर बहुधा मरे. कधी शरीर नव्या मज्जेला हाकलून देई. कधी उलट घडे: नवी मज्जा रुजे आणि तीच यजमानाच्या कातडीवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करी. दत्तक आलेल्याने घरच्यांनाच घराबाहेर काढावे तसा तो प्रकार होता. शिवाय जंतुसंसर्ग होताच. पण मोजके काही कुत्रे, भावंडांची मज्जा मिळालेले, धडधाकट राहिले आणि वर्षानुवर्षे जगले. ते का जगले, हा प्रश्न टॉमस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लावून धरला. १९६३ साली ते सिअॅटलला गेले. तेथे कुत्र्यांच्या पेशींची प्रतवारी लावण्याची रीत सिद्ध झाली आणि १९६८ साली दिसून आले की, प्रतवारी जुळणाऱ्या भावंडाची मज्जा दिल्यास कुत्रा जगतो, न जुळणाऱ्याची दिल्यास मरतो. जुळलेल्यांतही नव्या मज्जेचा जो हल्ला होई, तो आवरण्यासाठी त्यांनी कुत्र्यांना जे औषध दिले ते सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेतून आलेले मेथोट्रेक्सेट होते.

एवढी वाट कुत्र्यांनी चालून दाखविल्यावर टॉमस पुन्हा माणसांकडे आले. ज्यांच्यापुढे इतर सर्व औषधांनी हात टेकले होते अशा तीव्र ल्युकेमियाच्या १०० रुग्णांचा वृत्तांत त्यांच्या मंडळींनी १९७७ साली दिला. त्यांपैकी १३ जण रोगमुक्त होऊन जगत होते. तेरा हा आकडा लहान वाटेल. पण एरवी त्या शंभरांतील एकाचाही भरवसा नव्हता. रोगाने शरीर खचण्यापूर्वीच मज्जा दिल्यास यश वाढते हे नंतर दिसले आणि तसे ते वाढत गेले. १९९० साली टॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळच्या भाषणात त्यांनी मोकळेपणाने सांगितले की, प्राण्यांवरील आणि विशेषतः कुत्र्यांवरील संशोधनावाचून हे काम रुग्णांपर्यंत पोहोचूच शकले नसते. भारतात पहिले यशस्वी मज्जारोपण १९८३ साली मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले. रुग्ण एक लहान मुलगी होती आणि मज्जा तिच्या भावाची होती. हे रुग्णालयही परळमध्येच आहे. त्याच परळमध्ये मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ सालापासून उभे आहे. लूसी विल्स यांची हाफकिन संस्था, हे महाविद्यालय आणि हे रुग्णालय ही तिन्ही एकाच वस्तीत यावीत हा केवळ योगायोग. पण मुंबईस गेलो म्हणजे त्या बाजूने जाताना मला त्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

मग या व्यवहारात कुत्र्यांच्या पदरात काय पडले? अगदीच काही पडले नाही असे म्हणता येत नाही. सिअॅटलच्याच मंडळींनी लोकांच्या घरच्या, लिम्फोमा झालेल्या कुत्र्यांवर औषधे आणि मज्जारोपण यांचे उपचार केले आणि त्यांतील काही कायमचे बरे झाले. २००८ साली अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाने पाळीव कुत्र्यांसाठी अशा रोपणाची सोय सुरू केली. परंतु तो उपचार फार थोड्यांच्या आवाक्यातला आहे. सर्वसाधारण कुत्र्याला जे मिळते ते माणसासाठी शोधलेल्या औषधांचे मिश्रण. व्हिन्क्रिस्टीन, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन आणि प्रेड्निसोलोन ही चार औषधे आळीपाळीने काही महिने देतात. उपचार न केल्यास लिम्फोमाचा कुत्रा सहसा महिना-दीड महिन्यात जातो. या औषधांनी बहुतेकांच्या गाठी विरघळतात आणि साधारणपणे वर्षभराचे आयुष्य मिळते. काही थोडे दोन वर्षांपलीकडे जातात. माणसाला देतात त्याहून मात्रा मुद्दाम सौम्य ठेवलेली असते, कारण उरलेले दिवस सुखाचे जावेत एवढाच हेतू असतो. कोली जातीच्या काही कुत्र्यांना यांतील काही औषधे वंशगत दोषामुळे विषासारखी बाधतात; तो दोष २००१ साली ओळखला गेला. खास कुत्र्यांच्या लिम्फोमासाठी म्हणून एका औषधाला अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळाली ती २०२१ साली. टॉमस यांचे कूपर्सटाउनचे दिवस आणि हे वर्ष यांमधले अंतर श्रोत्यांनी स्वतःच मोजावे.

मी सरकारी मनुष्य असल्यामुळे जमा आणि नावे या दोन रकान्यांत विचार करण्याची मला सवय आहे. या खात्यात नावेची बाजू मोठी आहे. ते प्रयोग करावयासच नको होते असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. रुग्णालयाच्या ओसरीवर मूल मांडीवर घेऊन बसलेल्या आईसमोर उभे राहून ते वाक्य उच्चारता येणार नाही. पण ते प्रयोग झाले आणि काम झाले, आता त्याचे काय, असे म्हणून खाते बंद करणेही मला मान्य नाही. आपल्या देशाने १९६० साली प्राण्यांच्या छळाविरुद्ध कायदा केला आणि प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या समितीची तरतूद त्यातच ठेवली. प्रयोग सरसकट बंद न करता त्यांतील यातना टळाव्यात आणि कारणावाचून प्रयोग होऊ नयेत, हा त्या तरतुदीचा आशय आहे. ज्याने ती कलमे लिहिली असतील त्याला या हिशेबाची जाणीव होती असे मला वाटते.

आपल्या जुन्या घरांत जेवणापूर्वी वैश्वदेव होत असे. त्यात गाईसाठी, कावळ्यासाठी, तसा कुत्र्यासाठीही घास काढून ठेवीत. त्या घासाला ‘बळी’ म्हणत. लहानपणी आजोबा तो दाराबाहेर ठेवीत तेव्हा या शब्दाचे मला हसू येई. बळी म्हणजे अर्पण आणि बळी म्हणजे ज्याचा जीव घेतला तो. कूपर्सटाउन आणि सिअॅटल येथील त्या अनाम कुत्र्यांविषयी वाचताना शब्दाचे हे दोन्ही अर्थ एकदमच डोळ्यांपुढे आले. आपण घास देत होतो तो उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून देत होतो, हे आजोबांना ठाऊक होते. मला ते फार उशिरा कळले.

मोत्यावर आम्ही उपचार केले. सदाफुलीच्या औषधाची पहिली सुई दिल्यावर चौथ्या दिवशी गळ्याखालच्या गाठी बोटांना लागेनाशा झाल्या. मधे एकदा पांढऱ्या पेशी घटून ताप आला. दोन रात्री जागून काढाव्या लागल्या. त्यानंतर तो पूर्वीसारखा फाटकापाशी माझी वाट पाहत बसू लागला. असे दहा महिने गेले. मग रोग परतला, आणि या खेपेस औषधांनी दाद दिली नाही. शेवटी डॉक्टरांनी विचारले आणि आम्ही होय म्हटले.

खर्चाचा आकडा ऐकून माझ्या एका सहकाऱ्याने विचारले होते, “कुत्र्यासाठी एवढे?” त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. आज कोणी विचारले तर मी त्याला डॉनल टॉमस यांच्या त्या मोजक्या कुत्र्यांची गोष्ट सांगेन. आणि आपल्याकडे कोणाच्या घरी कुत्रा असेल तर एवढेच सुचवीन, की आठवड्यातून एकदा त्याच्या जबड्याखालून, खांद्यापुढून, जांघेतून आणि गुडघ्यामागून हात फिरवावा. गाठ लागली तर वाट पाहू नये. सुईने तपासणी करून घ्यावी. त्याला एवढे आपण देणे लागतो.